संगणक रक्कम कशी लिहितो?

बँकेचे पासबुक, विजेचे बिल किंवा शाळेच्या फीची पावती तुम्ही पाहिलीच असेल. तिच्यावर रक्कम छापलेली असते. समजा, ती ₹ १,४८,५००.५० अशी आहे. तुम्ही ती चटकन वाचता : एक लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे रुपये पन्नास पैसे. आकडे मोजावे लागत नाहीत. स्वल्पविराम पाहिला की लाख कोठे संपला आणि हजार कोठे सुरू झाला, हे डोळ्यांना आपोआप कळते.

संगणकाच्या पोटात मात्र ही रक्कम अशी नसते. तेथे रुपयाचे चिन्ह नसते, स्वल्पविराम नसतो. तेथे नुसती संख्या असते. संगणकाला काही न सांगता ती छापायला लावली, तर तो छापतो : १४८५००.५. शेवटचे शून्यसुद्धा तो गाळून टाकतो, कारण त्याच्या दृष्टीने पाच दशांश आणि पन्नास शतांश सारखेच. बेरीज-वजाबाकी करायला एवढे पुरते. पण ही पावती घरी नेऊन वडिलांना दाखवली, तर ते म्हणतील, "अरे, हे पंधरा हजार की दीड लाख?" आणि त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. पैशाच्या व्यवहारात एका आकड्याची चूक म्हणजे दहापट फरक.

म्हणून नुसत्या संख्येला माणसाने वाचण्याजोगे रूप द्यावे लागते. हे काम प्रोग्राम करतो. संगणकाला क्रमाने दिलेल्या सूचना म्हणजे प्रोग्राम. तो ज्या भाषेत लिहितात तिला प्रोग्रामिंगची भाषा म्हणतात. कोबॉल, पायथन, जावास्क्रिप्ट ही अशा काही भाषांची नावे आहेत.

'रक्कम' हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूत तुम्ही 'रक़म' म्हणता. मूळ शब्द अरबी आहे. मराठी माणसाच्या हिशेबाच्या वहीत जमा, खर्च, बाकी, वसूल हे शब्द पानोपानी दिसतात, आणि ते सगळे तुमच्या ओळखीचे आहेत. वजाबाकी शिकताना तर तुम्हांला मराठीचे वेगळे पुस्तक उघडावे लागत नाही. पैशाच्या बाबतीत या दोन भाषांची जुनी भागीदारी आहे.

आता स्वल्पविरामाकडे वळू. पायथन भाषेत रकमेत स्वल्पविराम घालण्याची तयार सोय आहे. ती वापरली की १४८,५००.५० असे उत्तर मिळते. चूक काहीच नाही, पण आपल्याकडे असे लिहीत नाहीत. ही सोय दर तीन आकड्यांनंतर स्वल्पविराम घालते. इंग्लंड-अमेरिकेत तशी रीत आहे, कारण त्यांच्या भाषेत हजारानंतरचे पुढचे नाव एकदम हजारपटीने येते. एक हजार हजार म्हणजे त्यांचे मिलियन. आपल्याकडे हजारानंतरचे प्रत्येक नवे नाव शंभरपटीने येते. शंभर हजार म्हणजे एक लाख, शंभर लाख म्हणजे एक कोटी, शंभर कोटी म्हणजे एक अब्ज. उर्दूत कोटीला करोड़ आणि अब्जाला अरब म्हणतात, एवढाच फरक. नेपाळ, बांगलादेश आणि पाकिस्तान येथेही लाख-कोटीचीच रीत आहे. जेथे नाव बदलते तेथे स्वल्पविराम बसतो. म्हणून आपला पहिला स्वल्पविराम उजवीकडून तीन आकड्यांनंतर आणि पुढचे सगळे दोन-दोन आकड्यांनंतर येतात. १२३४५६७८ ही संख्या इंग्रजी रीतीने १२,३४५,६७८ होते आणि आपल्या रीतीने १,२३,४५,६७८ होते. पहिली वाचताना तुम्ही अडखळाल. दुसरी एका दमात वाचाल : एक कोटी तेवीस लाख पंचेचाळीस हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर.

हे काम प्रोग्राम कसा करतो, ते पाहू या. शाळेतला भागाकार येत असेल तर ते अगदी सोपे आहे. कागद-पेन्सिल घ्या आणि बरोबर करत चला.

आधी सगळी रक्कम पैशांत करा. एक लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे रुपये पन्नास पैसे म्हणजे १४८५००५० पैसे. याला १०० ने भागा. भागाकार १४८५००, बाकी ५०. बाकी म्हणजे पैसे. ते बाजूला ठेवा. आता १४८५०० ला १००० ने भागा. भागाकार १४८, बाकी ५००. ही बाकी म्हणजे उजवीकडचा पहिला गट. उरलेल्या १४८ ला १०० ने भागा. भागाकार १, बाकी ४८. हा दुसरा गट. भागाकार शंभरापेक्षा लहान झाला की थांबा. उरलेला १ सर्वांत डावीकडे लिहा, मध्ये स्वल्पविराम घाला, शेवटी बिंदू देऊन पैसे लिहा. १,४८,५००.५० तयार झाले.

आता येथे एक खाचखळगा आहे. हीच कृती एक लाख पाच हजार सात रुपये पाच पैसे या रकमेवर करा. पैशांची बाकी येईल ५. तुम्ही बिंदूपुढे नुसता ५ लिहिला तर वाचणारा 'पन्नास पैसे' वाचेल. पुढची बाकी येईल ७ आणि त्यापुढची ५. ते जसेच्या तसे जोडले तर रक्कम होईल १,५,७.५ ! एक लाखाची रक्कम कोठल्या कोठे गेली. म्हणून पहिल्या गटात नेहमी तीन आकडे आणि बाकीच्या गटांत नेहमी दोन आकडे भरले पाहिजेत. कमी पडतील तेथे डावीकडे शून्य द्यायचे. सर्वांत डावीकडच्या गटाला मात्र शून्य जोडायचे नाही. मग रक्कम नीट येते : १,०५,००७.०५. नवशिका प्रोग्राम लिहिणारा येथे हमखास घसरतो, कारण तो चाचणीसाठी १,२३,४५६ अशा भरलेल्या रकमा घेतो. शून्ये असलेली रक्कम त्याला सुचत नाही.

दुसरा खळगा उणे रकमेचा. कोणाला अडीचशे रुपये पन्नास पैसे देणे असेल तर ती रक्कम उणे २५०५० पैसे झाली. पायथनला याला १०० ने भागायला सांगितले तर तो भागाकार उणे २५१ आणि बाकी अधिक ५० सांगतो. हे गणिताच्या दृष्टीने खरे आहे, कारण उणे २५१०० मध्ये ५० मिळवले की उणे २५०५० होतात. पण तुम्ही ते दोन भाग शेजारी-शेजारी छापले तर पावतीवर उणे २५१.५० येते आणि कर्ज एका रुपयाने वाढते ! यावर उपाय सोपा आहे. उणे चिन्ह आधी काढून बाजूला ठेवायचे, रक्कम तयार करायची आणि मग चिन्ह पुन्हा लावायचे. हिशेबनीस पुष्कळदा चिन्हाऐवजी रक्कम कंसात लिहितात. बारीक आडवी रेघ नजरेतून सुटते, कंस सुटत नाही.

आपण रक्कम आधी पैशांत का केली, असे तुम्ही विचाराल. कारण संगणकाला अपूर्णांक नीट पचत नाहीत. आपण दहाच्या पटीत मोजतो, संगणक दोनाच्या पटीत. एक तृतीयांश आपल्याला दशांशात पूर्ण लिहिता येतो का ? नाही. ०.३३३३ असे लिहीतच राहावे लागते. तसाच एक दशांश संगणकाला दोनाच्या पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही. तो कोठेतरी थांबतो आणि जवळची संख्या धरतो. म्हणून पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर तो ०.३०००००००००००००००४ असे उत्तर देतो. २.६७५ ही संख्या दोन दशांश स्थळांपर्यंत करायला सांगितली तर तो २.६८ न देता २.६७ देतो, कारण त्याच्याजवळची संख्या २.६७५ पेक्षा अगदी किंचित लहान असते. एका पावतीत हा फरक दिसणार नाही. पण लाखो खातेदारांच्या व्याजात तो दिसतो. म्हणून शहाणा प्रोग्राम लिहिणारा पैसे पूर्णांकांत ठेवतो. नाहीतर पायथनमध्ये दशांश पद्धतीनेच हिशेब करणारी जी वेगळी सोय आहे ती वापरतो.

पैशाचा गुंता येथेही संपत नाही. शंभर रुपये तीन भावंडांत सारखे वाटा. प्रत्येकाच्या वाट्याला ३३.३३ रुपये छापले जातील. तिघांची बेरीज करा. ९९.९९ ! एक पैसा कोणी नेला ? कोणीच नाही. छापताना उरलेला भाग गळाला. चोख प्रोग्राम १०,००० पैशांचे ३,३३३, ३,३३३ आणि ३,३३४ असे वाटे करतो आणि जादा पैसा कोणाला द्यायचा हे आधीच ठरवून ठेवतो. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर मीटरच्या हिशेबाने मजुरी मिळते. तेथे पगाराच्या कागदावर ओळींची बेरीज आणि खालचा एकूण आकडा जुळला नाही, तर भांडण ठरलेले. मग संगणकाच्या पोटातला आकडा कितीही बरोबर असो, मजूर कागदावरचाच आकडा पाहणार.

पैसे दोन आकडीच का, हेही सांगितले पाहिजे. १ एप्रिल १९५७ पूर्वी आपल्या रुपयाचे सोळा आणे होत, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै. तेव्हाच्या वहीत पाच रुपये आठ आणे सहा पै ही रक्कम ५-८-६ अशी लिहीत. त्या काळात आपला हा प्रोग्राम लिहायचा असता तर एकदा १२ ने आणि एकदा १६ ने भागावे लागले असते. १९५७ साली रुपयाचे शंभर 'नये पैसे' झाले आणि बिंदूपुढे दोन आकडे पक्के झाले. २५ पैसे व त्याहून लहान नाणी ३० जून २०११ रोजी चलनातून गेली. बाजारात पैसे दिसेनासे झाले, पण हिशेबातून गेले नाहीत.

रकमेला रूप देण्याची ही गरज नवी नाही. अमेरिकेत १९५९ साली व्यापारी हिशेबांसाठी एक भाषा ठरवण्याचे काम सुरू झाले. तीच कोबॉल. तिच्यात एक मजेदार सोय आहे. प्रोग्राम लिहिणारा रकमेचे जणू चित्रच काढून देतो : येथे आकडा, येथे स्वल्पविराम, येथे बिंदू. त्या सोयीचे नावही 'पिक्चर' असेच आहे. चित्र आपण काढायचे असल्यामुळे स्वल्पविराम लाख-कोटीच्या जागी घालायलाही अडचण नाही. त्याच चित्रात रिकाम्या जागी तारे भरण्याची व्यवस्था आहे. ५०० ही रक्कम धनादेशावर छापताना डावीकडे जागा मोकळी राहिली तर एखादा लबाड तेथे ९ लिहून ९५०० करील. तेथे *५०० असे छापले की जागाच उरत नाही.

हाताने धनादेश लिहिताना आपण हीच काळजी दुसऱ्या रीतीने घेतो. 'रुपये पाचशे फक्त' असे अक्षरांत लिहितो. हा 'फक्त' म्हणजे तुमचा 'फ़क़त'. त्याच्यापुढे कोणाला काही जोडता येत नाही. १८८१ च्या पराक्राम्य संलेख कायद्यानुसार धनादेशावरचे आकडे आणि अक्षरे जुळली नाहीत तर अक्षरांतली रक्कम खरी मानतात. (नाव अवघड आहे खरे, हुंडी, धनादेश अशा कागदांचा तो कायदा.) म्हणून काही प्रोग्राम रक्कम अक्षरांतही छापतात. मराठी आणि उर्दूसाठी हे काम इंग्रजीपेक्षा किचकट आहे. इंग्रजीत वीसनंतर दहकाचा शब्द आणि एककाचा शब्द शेजारी ठेवले की झाले. आपल्याकडे एकवीसपासून नव्याण्णवपर्यंत प्रत्येकाचे रूप वेगळे. मराठीत अठ्ठेचाळीस, उर्दूत अड़तालीस. संगणकाला ती सगळी यादीच द्यावी लागते. तुम्हांला पाठ करावी लागली, तशी त्यालाही !

आता थोडे परदेशात जाऊ. जर्मनीत बिंदू आणि स्वल्पविराम यांची अदलाबदल होते. आपली १४८,५०० पूर्णांक ५० शतांश ही रक्कम तेथे १४८.५००,५० अशी लिहितात आणि चलनाचे चिन्ह मागे लावतात. जपानी येनला व्यवहारात अपूर्णांक नाही, म्हणून बिंदूच नको. कुवेतच्या दिनाराचे एक हजार फिल्स होतात, म्हणून तेथे बिंदूपुढे तीन आकडे. तुमच्या गावातून कोणी कुवेतला नोकरीस असेल, तर त्याने पाठवलेली पगाराची पावती पाहा. १२५.५०० दिनार म्हणजे सव्वा लाखाच्या पलीकडची रक्कम नव्हे. ते एकशे पंचवीस दिनार आणि पाचशे फिल्स आहेत.

प्रत्येक प्रोग्राम लिहिणाऱ्याने जगभरच्या या रीती पाठ करायच्या का ? नाही. जावास्क्रिप्टसारख्या भाषांत त्यांचा संग्रह तयार असतो. दोन गोष्टी सांगायच्या : कोणती भाषा व कोणता देश, आणि कोणते चलन. चलनासाठी तीन अक्षरांची आंतरराष्ट्रीय खूण ठरलेली आहे. रुपयाची खूण 'आयएनआर'. इंग्रजी-भारत असे सांगितले तर लाख-कोटीचे स्वल्पविराम आपोआप पडतात. मराठी-भारत असे सांगितले तर आकडेही देवनागरी येतात. उर्दू वळणाचे आकडे हवे असल्यास तेही मागता येतात. एवढे मात्र ध्यानात असू द्या की रीत बदलली तरी चलन बदलत नाही. जर्मन रीतीने रुपये छापले तर ते रुपयेच राहतात, त्यांचे युरो होत नाहीत. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्या लागतात त्या याचसाठी.

रुपयाच्या ₹ या चिन्हाचा जन्म आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत शिकलेले डी. उदयकुमार यांनी ते रेखाटले. त्यात देवनागरी 'र' आहे आणि रोमन लिपीतल्या 'आर'चीही छटा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी ते स्वीकारले. त्याच वर्षी जगातल्या सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये त्याला जागा मिळाली. त्याचा क्रमांक ८३७७. संगणक चिन्ह ओळखतो ते या क्रमांकाने. जुन्या यंत्रावर या क्रमांकाची आकृतीच नसेल तर तेथे रिकामी चौकट छापली जाते. अशा वेळी सरळ 'रु.' लिहिणे बरे. पावती देखणी नसली तरी चालेल, ती वाचता आली पाहिजे.

तुम्हा उर्दू शाळेतल्या मुलांना आणखी एक गंमत दाखवतो. उर्दूची ओळ उजवीकडून डावीकडे जाते, पण तिच्यातली संख्या डावीकडून उजवीकडे वाचतात. तुम्ही लिहिताना हे नकळत करता. संगणकाला ते शिकवावे लागले. कोणता आकडा कोणत्या दिशेने मांडायचा, याचे नियम युनिकोडने ठरवून दिले आहेत. तरीही उर्दू ओळीत उणे २५० छापले की उणे चिन्ह पुष्कळदा उडी मारून संख्येच्या उजवीकडे जाऊन बसते. मग वाचणाऱ्याला ती नुसती रेघ वाटते आणि देणे हे येणे होते. त्यासाठी संख्येच्या आधी दिशा सांगणारी एक न दिसणारी खूण ठेवतात. कागदावर ती दिसत नाही, पण चिन्ह जागेवर राहते.

आतापर्यंत आपण संख्या सजवून बाहेर पाठवली. आता उलटा प्रवास. तुम्ही संगणकावर एखाद्या चौकटीत रक्कम भरता आणि सवयीने १,४८,५०० असे स्वल्पविरामासह लिहिता. जावास्क्रिप्टमधील संख्या वाचण्याची एक सोय स्वल्पविराम दिसताच थांबते. तिच्या हाती काय लागते ? नुसता १ ! दीड लाखाच्या जवळपासची रक्कम एक रुपया होते आणि संगणक तक्रारही करत नाही. देवनागरी आकड्यांत लिहिले तर ही सोय 'ही संख्याच नाही' असे म्हणते. पायथन मात्र १४८ हे देवनागरीत लिहा की उर्दू आकड्यांत, दोन्ही ओळखतो. त्या बाबतीत तो बराच समजूतदार आहे.

म्हणून सजवलेली रक्कम हिशेबाला घ्यायची नाही. आधी रुपयाचे चिन्ह आणि स्वल्पविराम काढायचे. मग उरले ते फक्त आकडे आणि फार तर एक बिंदू आहे ना, ते पाहायचे. मग पैसे करून ठेवायचे. आणि १.२५० असे काही समोर आले तर ? भारतीय ते सव्वा म्हणेल, जर्मन साडेबाराशे. रुपयाच्या रकमेत बिंदूपुढे तीन आकडे असणारच नाहीत. अशा वेळी प्रोग्रामने अंदाज बांधू नये, लिहिणाऱ्यालाच पुन्हा विचारावे.